‘चिमणराव’चा सर्वोत्तम भाग कोणता? न लागणाऱ्या एका क्रमवारीचा इतिहास

१/ जुन्या विनोदी मालिकेतील कोणता भाग पहिला, कोणता दुसरा आणि कोणता शेवटचा, याची क्रमवारी लावणे हा जगभरच्या प्रेक्षकांचा आवडता उद्योग आहे. मराठीत हा विषय निघाला की जुन्या पिढीच्या तोंडी पहिले नाव येते ते मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव’चे. परंतु या मालिकेची क्रमवारी लावू गेल्यास पहिल्याच पायरीवर अडायला होते. त्या अडण्याची कारणे ऐतिहासिक आहेत. हा धागा त्या कारणांविषयी.

२/ आरंभ पुस्तकापासून. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे अभ्यासक. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ बडोद्यात गेला. बौद्ध वाङ्मयाच्या या गंभीर व्यासंगी माणसाने मराठीला चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी दिली. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ आणि ‘वायफळाचा मळा’ ही त्यांची पुस्तके १९३० च्या दशकातील.

३/ चिमणराव हा पुण्याचा भित्रा, सोशिक, मध्यमवर्गीय कारकून. गुंड्याभाऊ धिप्पाड, तापट आणि हातातल्या सोट्यावर विसंबणारा. या कथांची खरी करामत निवेदनात आहे. स्वतःची फजिती चिमणराव स्वतःच सांगतात, आणि आपली फजिती होत आहे हे बऱ्याचदा त्यांच्या गावीही नसते. वाचकाला ते कळते आणि हसू फुटते.

४/ ही जोडी पडद्यावर प्रथम दूरदर्शनमुळे आली असे नव्हे. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेले ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) हे चित्रपट चिं. वि. जोशी यांच्या लेखनावर उभे होते. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग या जोडीने त्या काळचे प्रेक्षक हसवले. म्हणजे मालिका आली तेव्हा चिमणराव किमान दोन पिढ्यांच्या ओळखीचे होते.

५/ मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वाहिनी एकच, चित्र कृष्णधवल, प्रक्षेपण संध्याकाळच्या काही तासांपुरते. ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘छायागीत’ ही नावे त्याच काळातील. दूरचित्रवाणी संच महाग होता आणि तो घरी ठेवण्यासाठी परवाना काढावा लागे. हे परवाना शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. तोवर एका संचापुढे अनेक घरांनी दाटीवाटीने बसणे ही नित्याची गोष्ट होती.

६/ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्राच्या निर्मात्या विजया जोगळेकर-धुमाळे यांनी ‘चिमणराव’ ही मालिका पडद्यावर आणली. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. लोकप्रियता इतकी वाढली की १९७९ मध्ये हीच जोडी घेऊन विनय धुमाळे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट निघाला.

७/ पुस्तकातून पडद्यावर येताना एक मोठी अडचण होती. पुस्तकात ‘मी’ बोलतो. कॅमेरा मात्र सर्वांकडे बाहेरून पाहतो. चिमणरावांचे निरागस निवेदन गेले की उरते ती केवळ घडलेली फजिती. ही भरपाई अभिनेत्याच्या आवाजाने आणि चेहऱ्याने करायची होती. म्हणून या मालिकेतील भागाचा दर्जा कथानकाच्या सारांशावरून ठरवता येत नाही. तो प्रत्यक्ष पाहूनच ठरवावा लागतो.

८/ आणि नेमके तेच आज करता येत नाही. मालिकेचा फार थोडा अंश पाहायला मिळतो. सर्व भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने पाहण्याची सोय सामान्य रसिकाला नाही. कोणत्याही क्रमवारीला तीन गोष्टी लागतात: जपून ठेवलेली सामग्री, ती पाहिलेला प्रेक्षक आणि ती पुन्हा पाहण्याची संधी. या तिन्ही अटी येथे एकेक करून तपासता येतात.

९/ पहिली अट: सामग्री. त्या काळी चित्रफीत महाग होती. ती साठवायला जागा लागे आणि तीच फीत पुसून पुन्हा वापरता येई. कार्यक्रम एकदा प्रक्षेपित झाला की त्याचे काम संपले, अशी धारणा होती. पुनःप्रक्षेपणाची बाजारपेठ नव्हती, घरोघरी व्हिडिओ यंत्रे नव्हती. दूरदर्शनच्या आरंभीच्या कितीतरी कार्यक्रमांवर याच फेरवापरात दुसरे काहीतरी ध्वनिचित्रमुद्रित झाले.

१०/ हा दोष केवळ भारतीय कारभाराचा मानण्याचे कारण नाही. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या असंख्य फिती पुसल्या. ‘डॅड्स आर्मी’ (१९६८–१९७७) ही तिची अत्यंत लाडकी विनोदी मालिका. तिच्या ८० भागांपैकी दुसऱ्या पर्वातील पाच भाग बराच काळ बेपत्ता होते. त्यांतील दोन खासगी व्यक्तीकडे जपलेल्या प्रतींतून २००१ मध्ये परत मिळाले. तीन अद्याप हरवलेलेच आहेत.

११/ याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे. ‘आय लव्ह लूसी’ (१९५१–१९५७) या मालिकेचे चित्रण ३५ मिलिमीटरच्या चित्रपट-फिल्मवर झाले. हा मार्ग खर्चिक होता. परंतु त्यामुळे उत्तम प्रती टिकल्या आणि कलावंत दांपत्याच्या देसिलू या कंपनीने मालिकेचे हक्क स्वतःकडे राखले. पुढे अनेक दशके हे १८० भाग पुन्हापुन्हा दाखवले गेले. त्या मालिकेच्या ‘सर्वोत्तम भागां’च्या याद्या निघू शकल्या त्या यामुळे.

१२/ म्हणजे कोणती मालिका ‘अभिजात’ म्हणून मोजली जाते, यात गुणवत्तेइतकाच वाटा कोठारातल्या निर्णयाचा असतो. ‘लूसी’ आणि ‘चिमणराव’ यांची तुलना करताना एका बाजूला १८० पुरावे आहेत आणि दुसऱ्या बाजूला मुख्यतः आठवणी. हा फरक विनोदाच्या प्रतीचा नाही.

१३/ दुसरी अट: प्रेक्षक. मालिका कोणी पाहिली? ‘सगळ्या महाराष्ट्राने’ हे नेहमीचे उत्तर. ते तपासण्यासाठी पनवेलजवळच्या पळस्पे गावाइतकी सोयीची जागा नाही. पळस्पे फाट्यावर मुंबईहून आलेला रस्ता दुभंगतो. एक वाट खोपोली आणि बोरघाट चढून पुण्याला जाते, दुसरी कर्नाळ्याच्या खिंडीतून पेण, महाड आणि पुढे गोव्याकडे उतरते.

१४/ वरळीचा दूरदर्शन मनोरा सुमारे ३०० मीटर उंचीचा. तेथून पळस्पे सरळ रेषेत ३५ किलोमीटरच्या आसपास. या लहरी ढोबळमानाने नजरेच्या रेषेत प्रवास करतात. इतक्या उंचीवरून सपाटीवर त्यांची क्षितिजरेषा ७० किलोमीटरपर्यंत पोहोचते. त्या हिशेबाने खाडीपलीकडचा पनवेलचा सखल पट्टा मुंबईच्या प्रक्षेपणाच्या टापूत बसतो. मधला डोंगर चुकवायचा आणि छपरावर ॲंटेना उंच बांधायचा, एवढीच अट.

१५/ फाट्यापासून पुण्याच्या वाटेने गेले तर सह्याद्रीची भिंत आडवी येते. पण तिच्यापलीकडे सोय झाली होती: १९७३ पासून सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. म्हणून पुणेरी चिमणराव मुंबईच्या केंद्रातून निघून पुन्हा पुण्याच्या दिवाणखान्यात पोहोचू शकले.

१६/ गोव्याच्या वाटेने मात्र चित्र वेगळे होते. डोंगरांच्या रांगा आणि दऱ्याखोऱ्यांनी भरलेल्या दक्षिण कोकणात मुंबईचे प्रक्षेपण पोहोचणे अवघड. त्याच वाटेने मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी जाई. मुंबईत पाहिलेल्या ‘चिमणराव’चे वर्णन करून सांगणारा तो, आणि ऐकून हसणारी गावाकडची माणसे, असाच तिकडच्या अनेकांचा या मालिकेशी पहिला परिचय झाला असल्यास नवल नाही.

१७/ विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशच्या बहुतेक भागांतही तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि विस्ताराला वेग मिळाला. १९८४ मध्ये काही महिने देशात सरासरी दिवसाला एक प्रक्षेपक उभा राहत होता. तोवर ‘चिमणराव’चा काळ संपला होता.

१८/ म्हणून जिला ‘महाराष्ट्राची आठवण’ म्हटले जाते ती मुख्यतः मुंबई, पुणे आणि त्यांच्या आसपासच्या एका पट्ट्याची आठवण आहे. नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या त्याच वयाच्या मराठी माणसाला त्या मालिकेचा एकही भाग आठवत नसेल, तर त्यात त्याच्या रसिकतेचा दोष नाही. क्रमवारी लावणाऱ्यांच्या सभेला त्याला आमंत्रणच नव्हते.

१९/ तिसरी अट: पुन्हा पाहणे. एकदाच पाहिलेला भाग माणूस जसाच्या तसा लक्षात ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत, लोकलच्या डब्यात, शाळेच्या मधल्या सुट्टीत जो प्रसंग सांगितला गेला तो टिकला. ज्याची नक्कल करता आली तो अधिक टिकला. संथ, सूक्ष्म, केवळ नजरेच्या खेळावर उभा असलेला प्रसंग सांगता येत नाही. तो आधी विसरला जातो.

२०/ शिवाय आठवणींची सरमिसळ होते. चिमणराव पुस्तकात वाचलेले, मालिकेत पाहिलेले आणि १९७९ च्या चित्रपटात पुन्हा भेटलेले. चित्रपटात आणि मालिकेत प्रमुख चेहरे तेच. मग ‘तो भाग काय सुंदर होता!’ असे कोणी म्हणते तेव्हा तो प्रसंग मालिकेतला होता, चित्रपटातला होता की वाचताना मनाने त्या चेहऱ्यांनिशी रंगवलेला होता, हे सांगणाऱ्यालाही सांगता येईलच असे नाही.

२१/ १९८४ नंतर खेळाचे नियम बदलले. ‘हम लोग’ आणि ‘ये जो है ज़िंदगी’ या मालिकांनी प्रायोजित कार्यक्रमांचे पर्व आणले. मालिका बाहेरचे निर्माते करू लागले, आणि निर्मात्याच्या लेखी फीत ही मालमत्ता होती. १९८७ ची ‘रामायण’ २०२० च्या टाळेबंदीत नव्या पिढीने पाहिली, कारण ती शिल्लक होती.

२२/ मराठी घरगुती विनोदाला हे भाग्य लाभले ते ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मुळे. २००१ मध्ये अल्फा मराठी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक केदार शिंदे. तीन पिढ्यांचे एक मध्यमवर्गीय कुटुंब: आबा, मुलगा शेखर, सून श्यामल, नातवंडे शलाका आणि शिऱ्या. आबांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर, आणि मालिकेचा आधार असलेल्या ‘अनुदिनी’चे लेखकही तेच.

२३/ येथे एक वर्तुळ पूर्ण होते. ‘चिमणराव’ पडद्यावर येताना जे प्रथमपुरुषी निवेदन हरवले होते, ते ‘टिपरे’मध्ये रोजनिशीच्या रूपाने परत आले. घरातला प्रसंग कॅमेरा दाखवतो, आणि त्याचा अर्थ आबा आपल्या वहीत लिहितात. सुमारे पाव शतकापूर्वी ज्या अभिनेत्याने दुसऱ्याच्या लेखणीतला ‘मी’ केवळ मुद्रेने उभा केला, त्यानेच आता लेखणी हातात घेतली.

२४/ ‘टिपरे’च्या भागांची क्रमवारी लावता येते. भाग स्वतंत्र आहेत, ते उपग्रह वाहिनीमुळे नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत एकाच वेळी दिसले आणि पुढेही पाहता आले. रोजनिशीतील शेवटची नोंद प्रसंगात नवे काही भरते की नुसताच सारांश सांगते, हा एकच निकष घेतला तरी चांगला भाग आणि साधारण भाग वेगळे करता येतात. याद्या जुळणार नाहीत, पण भांडायला पुरावा आहे.

२५/ ‘चिमणराव’च्या बाबतीत भांडणालाही पुरावा अपुरा आहे. आणि जो आहे तो दरवर्षी घटतो आहे. ज्यांनी ती मालिका विशीत पाहिली ते आज सत्तरीच्या घरात किंवा पलीकडे आहेत. संहितांच्या प्रती, चित्रणाच्या वेळची छायाचित्रे, जुन्या वृत्तपत्रांतील कार्यक्रमांची कोष्टके, ही सामग्री विखुरलेली असते आणि रद्दीच्या वाटेवर असते.

२६/ ‘डॅड्स आर्मी’चे दोन भाग परत मिळाले, कारण कोणीतरी टाकाऊ ठरलेली वस्तू घरी नेऊन ठेवली होती. मराठीतही काम तिथूनच सुरू होऊ शकते: कोणता प्रसंग आठवतो, तो कोठे आणि कोणाच्या घरी पाहिला, संच कोणत्या गावात होता, हे वयस्करांना विचारून तारीख-ठिकाणासह टिपून ठेवणे. पळस्पे, पनवेल, पेण येथील चार आठवणीही वरळीच्या मनोऱ्याचा खरा टापू कोणत्याही नकाशापेक्षा नेमका सांगतील.

२७/ तोवर मराठी विनोदी मालिकांच्या कोणत्याही यादीत ‘चिमणराव’ला आदराने पहिला क्रमांक देणे सोपे आहे, पण तो आदर पुराव्यावाचूनचा असेल. अधिक प्रामाणिक मार्ग हा की यादीत तिच्यासाठी एक जागा मोकळी सोडावी आणि ती मोकळी का आहे याचे कारण खाली लिहावे. (समाप्त)