मृगाला उजाडणारे साल

नीरा नदीच्या अलीकडे सारोळे, पलीकडे शिरवळ. या काठच्या आणि वर हिरडस मावळ, गुंजण मावळ, खेडेबारे इथल्या जुन्या वतनी कागदांवर साल असते ते आकड्यांत नव्हे, अक्षरांत: ‘सु॥ सीत अर्बैन अलफ’. सु॥ म्हणजे सुहूर सन. सीत सहा, अर्बैन चाळीस, अलफ हजार, सन 1046. शब्द अरबी खरे, पण मराठी जिभेवर घासून गुळगुळीत झालेले. आधी एकक, मग दशक हा त्यांचा क्रमही इथल्या कानाला परका वाटला नसणार. शेहेचाळीस म्हणताना आपणही सहा आधीच घेतो.

नेमके हेच साल भोर तालुक्यातल्या रांझे गावच्या पाटलाविषयीच्या पत्रावर आहे. तारीख 28 जानेवारी 1646. बदअंमल केला म्हणून बाबाजी बिन भिकाजी गुजर या मोकदमाचे हातपाय तोडून त्याची पाटीलकी काढल्याचा हा कागद. शिवाजी महाराज तेव्हा सोळा वर्षांचेही झाले नव्हते. पत्राचा मायना फारसी वळणाचा, मजकूर मराठी, माथ्यावरची मुद्रा संस्कृत आणि साल अरबी. त्या काळचा कारभार एका पानात पाहायचा असेल तर मी हेच पान दाखवीन.

हे साल आले कुठून? हिजरी वर्ष चंद्राचे, 354 दिवसांचे. ते सूर्याच्या वर्षापेक्षा दरसाल अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. रोजे, ईद, मोहरम यांना त्याने काही बिघडत नाही. पण शेतसाऱ्याचे बिघडते. शेतात पीक उभे असताना वसुलीचा महिना येतो, आणि सुमारे तेहतीस वर्षांत दप्तरात एक साल जास्तीचे चढते, ज्याचे पीक कुठल्याच शेतात आलेले नसते. ही अडचण बगदादलाही नडली होती. खलीफा अल-मुतजिदने 895 साली वसुलीचा नवरोज पुढे ढकलून 11 जूनवर आणला, कारण त्याआधी रयतेच्या घरात धान्यच नसे.

दख्खनेत याची सोय झाली ती 1344 मध्ये. 1327 मध्ये दौलताबाद मुहम्मद बिन तुघलकाची राजधानी झाली होती; आता मुलूख दिल्लीच्या अमलाखाली. त्या मे महिन्यात हिजरी 745 लागले आणि त्याच सुमाराला सूर्य मृग नक्षत्रात गेला. सुहूर सनाने हा 745 चा आकडा तसाच उचलला, मात्र पुढची मोजणी सूर्याच्या चालीने केली. साल पालटायचे ते मृगालाच. म्हणून त्याला अरबी सन म्हणत, तसेच मृगसालही म्हणत. आकडा सुलतानाच्या धर्माचा राहिला आणि वर्षाचा पहिला दिवस कुणब्याच्या पेरणीचा झाला. मला ही तडजोड मोठी वाटते. साम्राज्याने पावसापुढे मान तुकवली आणि ते आपल्याच दप्तरात रोज लिहीत राहिले.

दोन्ही सन एकाच ठिकाणाहून निघाले तरी बरोबर चालणार नव्हते. रांझ्याच्या पत्राच्या वेळी हिजरी 1055 चालू होते, सुहूर 1046. तीनशे वर्षांत नऊ सालांची तफावत! शाहजहानने दख्खनेत फसली सन चालवला तोही असाच, हिजरी 1046 चा, म्हणजे इसवी 1636 चा आकडा धरून. त्यामुळे 1046 हे साल मोगलांच्या कागदात 1636–37 चे आणि आदिलशाही मावळात 1645–46 चे. संशोधकाने सन कोणता हे न पाहता आकडा उचलला की नऊ वर्षांची चूक ठरलेली.

महिना मात्र चंद्राचाच राहिला. ‘छ 10 जिल्हेज’ यातला छ म्हणजे चंद्र. साल मृगाचे, महिना मोहरमच्या मोजणीतला, आणि घरातले लग्नमुहूर्त, श्राद्ध, एकादशी सगळे शकाच्या पंचांगावर. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांनी घराण्याच्या आठवणींची शकावली ठेवली ती शक आणि तिथी धरून. लोकमान्य टिळकांनी ती 1916 मध्ये छापली, आणि शिवजन्माची शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी त्यातून पुढे आली. त्याच जेध्यांना दरबारातून येणारा कागद मात्र सुहूर सनाचा. एकाच माणसाला दोन्ही मोजण्या तोंडपाठ असाव्या लागत, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

1674 च्या राज्याभिषेकानंतर नवा शक सुरू झाला, राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी सुहूर सन गेला नाही. हे साल असलेले सरकारी कागद तपासून बिनचूक करणे हे अष्टप्रधानांतल्या सचिवाचे काम. त्या सचिवपदाच्या घराण्याकडेच भोर संस्थान 1948 पर्यंत होते. पेशव्यांच्या दप्तरातही साल हेच. पानिपतच्या लढाईचा दिवस ‘इहिदे सितैन मया व अलफ’ सालात, म्हणजे 1161 मध्ये येतो. मया म्हणजे शंभर.

मृग आता 7–8 जूनला लागतो; शिवकाळात, जुन्या जुलियन गणनेने, तो मेच्या अखेरच्या आठवड्यात लागे. त्याच सुमाराला भोरकडे धूळवाफेवर भात पेरतात. सरकारी महसुली वर्ष मात्र 1 ऑगस्टला सुरू होते.

घरच्या रुमालात असा कागद निघाला तर रीत सोपी आहे. अक्षरांवरून आकडा काढावा. महिना मृगापासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर त्यात 599 मिळवावेत, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर 600. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे 1175. 1774 चा मृग ते 1775 चा मृग. नेमका दिवस हवा असेल तर मात्र छ आणि महिना घेऊन जंत्री उघडावी लागते.