माशीचे कूळ आणि माशीचा गुन्हा

पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र १९५२ साली निघाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. त्याच्या इतिहासात दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या वाळूमाशीलाही स्थान आहे. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यांच्या ओलाव्यात ती राहते आणि रात्री रक्त पिते. तिचा उपद्रव मुख्यतः कच्च्या घरांतील गरिबांना होतो. म्हणूनच आम्हां कामगार चळवळीतल्यांना या विषयाचे अगत्य वाटते.

कसौली येथे मेजर सिंटन यांनी १९२० नंतरच्या दशकात हिंदुस्थानातील वाळूमाश्यांची बारकाईने वर्णने केली. त्या काळी या साऱ्या माश्या फ्लेबोटोमस या एकाच प्रजातीत घालीत. पुढे १९४८ साली थिओडोर यांनी जी विभागणी मांडली, तीत सर्जेंटोमायिया ही वेगळी प्रजाती मानली गेली.

ओळखावयाचे कसे? काचेच्या नळीने माशी ओढून घ्यावयाची, पोटॅशमध्ये ठेवून तिचे अंग पारदर्शक करावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. पोटाच्या पाठीकडील केस उभे असले तर सामान्यतः ती फ्लेबोटोमस. केस आडवे निजलेले आणि मुखविवरात दातांची रांग असली तर सर्जेंटोमायिया. पहिली माणसांना व गुराढोरांना चावते, दुसरी मुख्यतः पाली-सरड्यांना. म्हणून संशयाचे बोट पहिलीकडेच वळे.

१९६५ साली नागपूरकडील तापाच्या दोन रुग्णांत चांदीपुरा विषाणू सापडला. औरंगाबादकडील वाळूमाश्यांतही तो मिळाल्याचे १९७० साली प्रसिद्ध झाले. तरीही हा विषाणू फार घातक आहे असे कोणास वाटले नाही. पुढे २००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूच्या तापाने आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली, तेव्हा डोळे उघडले. त्यानंतर करीमनगर जिल्ह्यात पकडलेल्या माश्यांत विषाणू आढळला तो सर्जेंटोमायियात, म्हणजे जिला निरुपद्रवी समजत होते तिच्यात! अर्थात विषाणू आढळला एवढ्यावरून तीच रोग पसरविते असेही सिद्ध होत नाही.

गिरणीच्या दारात बिल्ला पाहून कामगाराचे खाते कळते; त्याने काय केले हे बिल्ला सांगत नाही. माशीचेही तसेच आहे. केस व दात तिचे कूळ सांगतात. गुन्हा ठरवावयास वेगळा पुरावा लागतो. पण कूळच न ओळखता गोळा केलेला पुरावा कोणाविरुद्ध मांडावयाचा? म्हणून सूक्ष्मदर्शकावर वाकून केस पाहणाऱ्याचे काम क्षुल्लक मानू नये. आणि हा पुरावा पुरा होईपर्यंत भिंतींच्या भेगा बुजविण्याचे कामही थांबवू नये.