शून्य युनिटचं बिल

तर झालं असं. मे महिन्यात बाबा आमच्याकडे पुण्याला राहायला आले होते. मिरजेचं घर महिनाभर बंद. फ्रीज रिकामा करून, मेन स्विच पाडून, कुलूप लावून आले. जूनमध्ये परत गेले तर दारात बिल. वापरलेली युनिट्स: शून्य. भरायची रक्कम: शून्य नव्हे!

लगेच फोन. "अरे, वापरलीच नाही तर पैसे कसले? दूधवाल्याला महिनाभर नको म्हटलं तर तो बिल देतो का?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, "बाबा, तो स्थिर आकार असतो." म्हणजे काहीच उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. मी बिल ऑनलाइन भरतो. आकडा बघतो, शिव्या घालतो, पे दाबतो. आपल्यापैकी बरेच जण हेच करत असतील.

पण पुढे बाबा जे बोलले त्याने जरा हललो. "असू दे. मी दुपारचा पंखा बंद करतो आता. तेवढीच बचत." वय ७१, मिरजेचा उन्हाळा, घरात एकटे. म्हणून हा शनिवार बिलाच्या इतिहासात घालवला.

सुरुवात एडिसनपासून. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. वीज विकायची तर मोजायची कशी? एडिसनचं मीटर म्हणजे चक्क एक बरणी होती. झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या. वीज गेली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसायचं. महिन्याने कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेणार, वजन करणार, त्यावरून बिल. गिऱ्हाइकाला आकडा दिसायचाच नाही. "मीटर पळतंय" ही तक्रार तेव्हा काय जोरात असेल, कल्पना करा :)

ही बरणी फक्त डीसीवर चालायची. एसी वीज आली तेव्हा नवं काहीतरी हवं होतं. १८८८ साली वेस्टिंगहाउसच्या शॅलेनबर्गरने एक आर्क दिवा तपासताना आत पडलेली एक छोटी स्प्रिंग हळूहळू फिरताना पाहिली, आणि त्यातून एसीचं मीटर निघालं. पुढच्याच वर्षी हंगेरीत ब्लाथीने खरी ऊर्जा मोजणारं, म्हणजे वॅट-तास मोजणारं मीटर केलं. आपल्या लहानपणी दाराशेजारी काळ्या डब्यात फिरणारी ती ॲल्युमिनियमची चकती याच घराण्यातली. आपण सहज 'युनिट' म्हणतो तेसुद्धा इंग्रजांकडून आलेलं. त्यांच्याकडे १००० वॅट-तासांना 'बोर्ड ऑफ ट्रेड युनिट' म्हणायचे. पुढचं सगळं गळून आपल्याकडे नुसतं युनिट राहिलं.

पण हे झालं मोजण्याचं. बाबांचा प्रश्न वेगळाच होता. मोजलंच नाही त्याचे पैसे का?

त्याचं उत्तर १८९२ सालचं आहे. जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने वीजपुरवठ्याच्या खर्चावर एक व्याख्यान दिलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. वीज साठवून ठेवता येत नाही. हिवाळ्यात संध्याकाळी सगळे एकदम दिवे लावतात. त्या तासाभरासाठी बॉयलर, इंजिनं, डायनॅमो, रस्त्याखालच्या केबल्स, सगळं तयार ठेवावं लागतं. उरलेला दिवस हे सगळं बसून असतं. म्हणजे खर्च दोन प्रकारचे. एक, तुम्ही जाळलेल्या कोळशाचा. दुसरा, तुम्ही कधीही बटण दाबाल म्हणून सज्ज राहण्याचा. मग बिलातही दोन ओळी हव्यात.

सर्व्हरवाल्या मंडळींना हे लगेच कळेल. सेलच्या दिवशी येणाऱ्या ट्रॅफिकसाठी मशिन्स घ्यायची आणि एरवी ती दहा टक्क्यांवर चालताना बघायची. त्या रिकाम्या मशिन्सचं भाडं कोणीतरी भरतंच.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. हॉपकिन्सनच्या हिशेबात ही सज्जतेची रक्कम सगळ्यांना सारखी नव्हती. ज्याची एकदम लागणारी मागणी जास्त, त्याने जास्त द्यायचे. ती मागणी मोजायला ब्रायटनच्या आर्थर राइटने एक यंत्र केलं. विजेने तापून काचेच्या नळीतली हवा फुगायची, द्रव ढकलला जायचा आणि एका बाजूच्या नळीत सांडायचा. महिन्यात सर्वात जास्त किती वीज एकदम ओढली ते सांडलेल्या द्रवावरून कळायचं.

१८९४ साली शिकागोच्या वीज कंपनीचा प्रमुख सॅम्युएल इन्सल ब्रायटनला गेला आणि ही पद्धत पाहून आला. पूर्वी एडिसनचा सेक्रेटरी असलेला हा माणूस धंद्यात पक्का होता. त्याच्या लक्षात आलं की यंत्रं जितके जास्त तास चालतील तितकी वीज स्वस्त पडेल. मग दिवसा वीज घेणारी गिऱ्हाइकं शोधा: ट्राम, कारखाने. जास्त वापरा, पुढचं युनिट स्वस्त घ्या! हो, तेव्हाचे दर वापरासोबत उतरायचे. आजच्या बरोब्बर उलट.

मुंबईतही वीज आणि ट्राम एकत्रच आल्या. कंपनीचं नावच होतं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. स्थापना १९०५, विजेवरची ट्राम १९०७. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं केंद्र सुरू झालं. लोणावळ्याची धरणं, घाटातून खाली येणारे पाइप, आणि मुख्य गिऱ्हाईक मुंबईच्या कापड गिरण्या. घरगुती दिवे नंतर, दिवसभर चालणाऱ्या गिरण्या आधी. गणित इन्सलचंच.

उतरत्या दरांचा हा जमाना १९७३ च्या तेलसंकटानंतर बऱ्याच ठिकाणी मावळला. वीज वाचवायची गोष्ट झाली आणि स्लॅब चढायला लागले.

आणि सज्जतेचे पैसे? महाराष्ट्राने ते राज्याच्या पातळीवरही भरून पाहिलेत. एन्रॉन आठवा. दाभोळचा पहिला टप्पा १९९९ साली सुरू झाला. करार असा की वीज मंडळाने वीज उचलो न उचलो, क्षमतेचे पैसे द्यायचेच. वीज महाग, परवडेना. २००१ साली मंडळाने ती घेणं थांबवलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतली एन्रॉन दिवाळखोरीत गेली. "वापरलीच नाही तर पैसे कसले?" हा बाबांचाच प्रश्न, फक्त पुढे बरीच शून्यं. त्यानंतर काही वर्षांतच उलटा धडा मिळाला: क्षमता कमी, मागणी जास्त, आणि गावोगाव लोडशेडिंग. सज्जतेला पैसे पडतात आणि ती नसेल तर अंधार पडतो. मिरजेत मेणबत्तीवर जेवलेल्या माणसाला हे मी काय सांगणार?

म्हणजे स्थिर आकार तत्त्वाने बरोबर. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुझ्याकडे एसी, गिझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह. माझ्याकडे दोन पंखे आणि टीव्ही. तुझा स्थिर आकार किती?"

दोन्ही बिलं शेजारी ठेवली. दोघांचं कनेक्शन सिंगल फेज. स्थिर आकार जवळपास सारखाच!

इथे बाबा जिंकले. हॉपकिन्सन आणि राइटचं म्हणणं होतं की ज्याची एकदम मागणी जास्त त्याने जास्त भरावं. घरगुती बिलात आपण 'एका कनेक्शनला इतके' असं सोपं करून टाकलं. मी संध्याकाळी सातला एसी आणि इंडक्शन एकदम लावतो, त्यासाठी सगळी यंत्रणा सज्ज राहते, आणि त्यातला वाटा मिरजेतला पेन्शनर उचलतो. स्मार्ट मीटरमुळे यात थोडा बदल होतोय. २०२५ पासून महाराष्ट्रात असं मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या युनिट्सवर सवलत मिळू लागली आहे. १८९२ चा मुद्दा घरापर्यंत यायला एवढा वेळ लागला.

असो. पण पंख्याचं काय?

पुढच्या शनिवारी मिरजेला गेलो. वही घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. पंखा ७५ वॅटचा. दुपारी चार तास म्हणजे ०.३ युनिट. महिन्याला ९ युनिट्स. मग रात्री फ्रीज सोडून सगळं बंद केलं आणि सकाळी रीडिंग घेतलं. आठ तासांत ०.८ युनिट! म्हणजे महिन्याला सत्तरच्या वर. दाराचं रबर फाटलेलं, थंडावा बाहेर. गिझर २५ लिटरचा, पहाटे पाचला चालू आणि आंघोळ सातला. एका बादलीसाठी अख्खी टाकी उकळायची, रोज युनिटभर. रबर बदललं. गिझरला आता आंघोळीआधी पंधरा मिनिटं, म्हणजे २००० वॅटने अर्धं युनिट.

एक गैरसमजही निघाला. बाबांना वाटायचं की १०० युनिट्स ओलांडली की सगळीच युनिट्स महाग होतात. तसं नाही. महावितरणच्या घरगुती दरात चढा दर फक्त शंभराच्या वरच्या युनिट्सना लागतो. १०१ वं युनिट महाग, पहिली शंभर जुन्याच दराने. या भीतीपोटी ते महिनाअखेरीला अंधारात बसायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या बिलात ४६ युनिट्स कमी आली. स्थिर आकार अर्थातच होता तिथेच. बाबांनी त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "हॉपकिन्सनला सांग."

मागे पंख्याचा आवाज येत होता का, हे विचारायला मी लगेच फोन लावला. येत होता.