अर्धसंवाहक नॅनोतारांतील अपद्रव्यांचे आण्विक विश्लेषण

सिलिकॉन, जर्मेनियम यांसारख्या अर्धसंवाहकांच्या अतिसूक्ष्म तारांमध्ये विद्युतवहन वाढविण्यासाठी मुद्दाम मिसळलेल्या फॉस्फरस, बोरॉन आदी परक्या अणूंची, म्हणजेच अपद्रव्यांची, संख्या व जागा निश्चित करण्याची पद्धत. २० नॅनोमीटर व्यासाच्या आणि १०० नॅनोमीटर लांबीच्या सिलिकॉन तारेत सुमारे १५ लाख अणू असतात. ५०,००० अणूंमागे एक अपद्रव्य धरल्यास ते जेमतेम ३० भरतात, आणि ते गाभ्यात आहेत की पृष्ठालगत, यावर तारेचे वर्तन ठरते.

यासाठी ॲटम प्रोब टोमोग्राफी हे तंत्र वापरतात. त्यात अतिशीत निर्वातात तारेच्या टोकाला उच्च विद्युतदाब देऊन लेसरच्या स्पंदांनी एकेक अणू आयनरूपात सोलून काढला जातो. शोधकापर्यंतच्या उड्डाणकाळावरून मूलद्रव्य ओळखतात, तर आदळण्याची जागा व क्रम यांवरून त्याचे मूळ स्थान काढतात. बरेच आयन मात्र नोंदलेच जात नाहीत, त्यामुळे आधीच तुटपुंजी असलेली गणना आणखी आक्रसते. २००९ मध्ये फॉस्फरसयुक्त जर्मेनियम तारांच्या अशा मोजणीत अपद्रव्ये गाभ्यापेक्षा बाह्य थरात कितीतरी दाट आढळली.

भारतात या तंत्राची राष्ट्रीय सुविधा आयआयटी मद्रास येथे असून तिच्या सहभागी संस्थांत मुंबईची आयआयटीही आहे.