हुतूतूचं सोनं, जकार्ताचा धडा आणि आपलं पटांगण

परवा फाट्यावर चहा घेताना अकरावीतल्या एका पोरानं विचारलं, "काका, आशियाई स्पर्धेत कबड्डीत आपण कधी हरलोच नाही ना?" म्हणलं, हरलोय बाबा, आणि तेही चांगलंच. त्याला खरं वाटेना. तेव्हाच ठरवलं की हा सगळा इतिहास एकदा सविस्तर लिहायचा. पोस्ट लांबणार आहे, पण सप्टेंबर २०२६ मध्ये जपानच्या आइची-नागोयात पुन्हा आशियाई स्पर्धा आहेत. त्याच्या आधी आपल्या लेकरांना हे माहीत असावं.

सुरुवात १९९० पासून करतो. मी तेव्हा दहा वर्षांचा. देवगाव फाट्यावर तेव्हा दोन-चार हॉटेलं, एक पंक्चरचं दुकान आणि सेलूकडं वळणाऱ्या रस्त्यावर एस.टी.ची वाट बघणारी माणसं, एवढंच होतं. पेपर एस.टी.नं यायचा, तोही दुपारी. बातमी आधी कळायची ती हॉटेलातल्या रेडिओवर. बीजिंगला आशियाई स्पर्धा चालू होत्या आणि रोजची बातमी एकच, भारताला सुवर्ण नाही. चार वर्षांपूर्वी सेऊलला पाच सुवर्णं होती, त्यातली चार एकट्या पी. टी. उषाची. बीजिंगला संपूर्ण स्पर्धेत भारताला एकच सुवर्ण मिळालं, आणि ते कबड्डीत.

शाळेत परिपाठाला सरांनी ही बातमी वाचून दाखवली आणि म्हणले, "जे तुम्ही रोज मधल्या सुट्टीत खेळता ना, त्यात सोनं आलंय." आम्ही एकमेकांकडं बघतच राहिलो. ज्या खेळाला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, चप्पल काढून फक्कीनं रेषा मारल्या की झालं, त्या खेळानं देशाची लाज राखली होती. त्या दिवशी संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आम्ही खेळलो आणि घरी गुडघे फोडून गेलो.

आता हा खेळ तिथपर्यंत गेला कसा, ते बघा. आपल्याकडं हुतूतू, तामिळनाडू-आंध्रात चेडुगुडु, बंगालात हा-डु-डु. नावं वेगळी, नियम वेगळे. या खेळाला नियमात बसवायचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात आणि बडोद्यात झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. पुढं शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनी हा खेळ आशियात नेण्यासाठी अख्खं आयुष्य खर्ची घातलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्या राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी फक्त प्रदर्शनी खेळ होता. आठ वर्षांनी बीजिंगला तो पदकाचा खेळ झाला.

तिथून पुढं सोन्याची माळच लागली. १९९४ हिरोशिमा, १९९८ बँकॉक, २००२ बुसान, २००६ दोहा, २०१० ग्वांगझू, २०१४ इंचिऑन. पुरुष संघाची सलग सात सुवर्णं. हिरोशिमाला भारताची एकूण सुवर्णं चारच होती, त्यातलं एक कबड्डीचं. २०१० पासून महिला कबड्डी आली. आपल्या मुलींनी २०१० आणि २०१४ असं दोनदा सुवर्ण आणलं. २०१४ च्या संघात महाराष्ट्राची अभिलाषा म्हात्रे होती.

पण २०१४ ची पुरुषांची अंतिम लढत नीट आठवा. इराणविरुद्ध २७-२५. फक्त दोन गुणांनी वाचलो. धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती, आपल्याला ऐकू आली नाही. त्याच वर्षी प्रो कबड्डी सुरू झाली, टीव्हीवर झगमगाट आला. इराणचे खेळाडू आपल्याच लीगमध्ये खेळू लागले. फजल अत्राचली आपल्या यू मुंबाकडून खेळला, पुढं पुणेरी पलटणकडूनही. आपले चढाईपटू कुठं पाय टाकतात, कुठल्या बाजूला झुकतात, हे त्यांना रोजच्या सरावात कळत होतं.

ऑगस्ट २०१८, जकार्ता. आधी गटात दक्षिण कोरियानं २४-२३ असं हरवलं. मग उपांत्य फेरीत इराणनं २७-१८. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच सोनं गेलं, हातात कांस्य आलं. दुसऱ्या दिवशी मुलीही अंतिम सामन्यात इराणकडून २७-२४ नं हरल्या. आणि इराणच्या मुलींना शिकवणारी प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! हुतूतूच्या मातीतल्याच बाईंनी परदेशी मुलींना घडवून आपल्याला हरवलं. काही जणांनी तेव्हा नाकं मुरडली. मला मात्र त्या बाईंचं कौतुकच वाटलं. गुरू आपल्याकडं होता, वापरता आपल्याला आला नाही, तर दोष गुरूचा कसा?

२०२३ ला हांगझोऊमध्ये ७ ऑक्टोबरला दोन्ही सुवर्णं परत आली. मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवलं आणि तेच भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक ठरलं. पुरुषांचा इराणबरोबरचा सामना तर २८-२८ वर अडकला. पवन सेहरावत कुणाला हात न लावता लॉबीत गेला, मागून बचावपटूही गेले. मग बाद कोण, एकटा चढाईवाला की मागं गेलेले सगळे? जुना नियम की नवा? पंचांचे निर्णय फिरले, खेळाडू मैदानात बसले, सामना तासभर थांबला. शेवटी आपण ३३-२९ नं जिंकलो. सोनं आलं, पण २०१४ च्या आधीचा तो रुबाब आता राहिला नाही, हेही कळलं.

आता मुद्द्याचं. हांगझोऊच्या पुरुष संघात बारा खेळाडू होते. त्यात आपले मराठी किती? दोन. नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे. बाकी बहुतेक हरियाणा आणि उत्तरेकडचे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, ते कष्ट करतात. प्रश्न आपला आहे. ज्या महाराष्ट्रानं खेळाला नियम दिले आणि बुवा दिले, त्याचे दोनच खेळाडू. मराठवाड्याचं तर नावच नाही.

आपल्यात दम नाही असं कुणी म्हणू नये. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं त्याच हांगझोऊत स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं. नांदेड जिल्ह्यातल्या होनवडजच्या भाग्यश्री जाधवनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकला देशाचा ध्वज धरला. दोघंही आपल्यासारख्याच कोरडवाहू गावांतले.

मग अडतं कुठं? आंतरराष्ट्रीय कबड्डी आता मॅटवर, बूट घालून खेळतात. आमची लेकरं मातीत अनवाणी शिकतात. दोन वर्षांपूर्वी मी इकडच्या एका शाळेच्या मुलींसोबत बातमीसाठी स्पर्धेला गेलो होतो. तालुक्याला मातीवर त्या वाघिणीसारख्या खेळल्या. पुढच्या फेरीला मॅट होती. पहिल्याच चढाईला पोरीचा पाय घसरला, गुडघा दुखावला. तिच्या पायात बाजारातले साधे बूट होते. बाहेर बसून ती मला म्हणली, "काका, आम्ही मॅट आजच पहिल्यांदा बघितली." ती पोरगी आता खेळत नाही. घरच्यांनी बंद केलं.

आणि माती तरी कुठं शिल्लक राहिली? माझ्या लहानपणी फाट्याच्या आसपास जिथं फक्की पडायची, तिथं आज गाळे आहेत, गाड्या उभ्या राहतात. राहिलेलं पटांगण लग्नाच्या मंडपाला आणि सभेला. मंडपाच्या खुंट्यांचे खड्डे कुणी बुजवत नाही, त्यातच पोरं पळतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पाच-सहा गावांच्या शाळांत मिळून एक मॅटचा संच. तो फिरता ठेवा, आठवड्यातून दोन दिवस एकेका शाळेला द्या. ग्रामपंचायतीनं पटांगणाची हद्द कागदावर आखून घ्यावी, म्हणजे उद्या तिथं गाळा उभा राहणार नाही. येत्या ग्रामसभेत हे दोन विषय मी लेखी देणार आहे. सोबत सह्या लागतील. कोण कोण येतंय, नाव आणि गाव खाली लिहा.