गणित जेव्हा दारूगोळा ठरले

ऑक्टोबर १९७७. अमेरिकेतील इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठात माहिती सिद्धांतावरील परिषद भरली होती. स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्टिन हेलमन निबंध वाचावयास उभे राहिले. शेजारी राल्फ मर्कल आणि स्टीव्ह पोलिग हे त्यांचे दोन विद्यार्थी उभे होते. निबंधांत त्यांचाही वाटा होता, ते वाचणारही तेच होते. प्रत्यक्षात दोघांनी अवाक्षर काढले नाही. खटला झालाच तर कायम नोकरीतला प्राध्यापक तो निभावून नेईल, कोवळ्या विद्यार्थ्याची कारकीर्द मात्र त्यात संपेल, असा विद्यापीठाच्या वकिलाचा सल्ला होता.

खटला कोणता? शस्त्रास्त्रांच्या बेकायदा निर्यातीचा. शस्त्र कोणते? गणित.

१९९२ च्या ‘स्नीकर्स’ या हॉलिवूडपटात जगातील सर्व गुप्तसंदेश उलगडणारे गणित एका पेटीत बंद असते आणि तिच्यापायी गणितज्ञाचा खून होतो. त्या गणितज्ञाच्या व्याख्यानाचा मजकूर लेनर्ड एडलमन यांनी लिहून दिला होता. विज्ञानकथेत ‘घातक प्रमेय’ ही कल्पना नवी नाही, पण एडलमन यांना ती कल्पनेतून आणावी लागली नसावी. ते स्वतः १९७७ च्या या प्रकरणातले एक पात्र होते. हा धागा त्या प्रकरणाचा.

आधी थोडे गणित. ७१ आणि ८९ या मूळ संख्यांचा गुणाकार कागदावर मिनिटभरात होतो : ६३१९. आता उलट करून पाहा. ६३१९ कोणत्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून आली, हे शोधण्यास कितीतरी अधिक वेळ लागतो. संख्या शेकडो अंकी असेल तर संगणकही थकतो. रामानुजनांना केंब्रिजला बोलावणारे हार्डी यांना आपल्या अंकशास्त्राचा युद्धासाठी काडीचाही उपयोग नाही याचा अभिमान होता. १९४० साली त्यांनी तसे लिहूनही ठेवले. त्याच ‘निरुपयोगी’ शास्त्रातून हे कुलूप घडले.

त्याआधी हजारो वर्षे गुप्तलेखनाला एकच अडचण होती. संदेश पाठवण्यापूर्वी त्याची किल्ली पाठवावी लागे आणि वाटेत ती पकडली गेली की सारे संपले. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व हेलमन यांनी दाखवले की दोन अनोळखी माणसे, सारे जग ऐकत असतानाही, सामाईक गुपित तयार करू शकतात. १९७७ मध्ये एमआयटीतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मूळ संख्यांवर आधारलेली पद्धत मांडली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती ‘आरएसए’ म्हणून ओळखली जाते. किल्ली चारचौघांत उघडी ठेवायची, कुलूप मात्र आपणच उघडू शकायचे.

जुलै १९७७ मध्ये परिषद भरवणाऱ्या अभियंत्यांच्या संघटनेकडे एक पत्र आले. कूटलेखनाची यंत्रे आणि त्यासंबंधीची तांत्रिक माहिती अमेरिकेच्या दारूगोळ्याच्या यादीत येते. परदेशी श्रोत्यांसमोर ती मांडणे म्हणजे परवान्याविना निर्यात, असा त्याचा आशय होता. पत्रलेखक राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा, म्हणजे एनएसएचा, नोकर असल्याचे पत्रकारांनी लवकरच शोधून काढले. पत्र त्याने व्यक्तिशः लिहिले होते, असा संस्थेचा खुलासा. ऑगस्टच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आरएसएची ओळख करून दिली होती. तिकीट लावलेले पाकीट पाठवा, निबंध घरपोच मिळेल, असे त्यात जाहीर केले होते. जगभरातून हजारो पाकिटे आली आणि एमआयटीत वकिलांचा निर्णय होईपर्यंत पडून राहिली.

मिलवॉकी येथील प्राध्यापक जॉर्ज डेविडा यांनी एका कूटयंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढच्याच वर्षी उत्तरादाखल आला तो गोपनीयतेचा आदेश. स्वतःच्याच शोधाबद्दल बोललात तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलर दंड! विद्यापीठाने गहजब केला आणि काही आठवड्यांत आदेश मागे घेतला गेला. शोध तुमचाच, पण त्याविषयी बोलायचे नाही. कादंबरीत वाचले असते तर अतिशयोक्त वाटले असते.

एनएसएला सरसकट खलनायक ठरवणे मात्र सोपे आणि अनैतिहासिक होईल. दुसऱ्या महायुद्धात एनिग्मा फोडल्याने दोस्तांना काय मिळाले, हे त्या पिढीला ठाऊक होते. तिने ते गुपित १९७४ पर्यंत सांभाळले होते. शत्रूला न फुटणारे कुलूप मिळणे ही भीती पोकळ नव्हती. संस्थेचे संचालक बॉबी इनमन स्वतः हेलमन यांना जाऊन भेटले. पुढे संशोधकांनी निबंध छापण्यापूर्वी स्वखुशीने संस्थेला दाखवावेत अशी शिफारस एका अभ्यासगटाने केली. गटात विरोध नोंदवणारे एकटे डेविडा होते. तोवर गणित मात्र जगभर पोचले होते. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ ही संगणकप्रणाली खुली केली. त्यांच्यावर निर्यातीबद्दल फौजदारी चौकशी बसली आणि १९९६ मध्ये आरोपपत्राविना संपली. दरम्यान एमआयटीच्या प्रकाशनसंस्थेने प्रणालीचा संपूर्ण कोड पुस्तकरूपाने छापला होता, कारण तोच मजकूर फ्लॉपीवर असला की दारूगोळा आणि कागदावर असला की ग्रंथ!

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारा भाग खरे तर अटलांटिकच्या पलीकडे घडला, आणि तोही आधी. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्त संस्थेत जेम्स एलिस यांच्या वाचनात बेल टेलिफोनचा एक युद्धकालीन अहवाल आला. ऐकणाऱ्यानेच तारेवर गोंगाट मिसळायचा, म्हणजे चोराला काही कळत नाही आणि स्वतःला तो वजा करता येतो, अशी त्यातली युक्ती होती. त्यावरून १९७० मध्ये एलिस यांनी दाखवून दिले की किल्ली न पाठवताही गुप्तता शक्य आहे. त्यासाठी लागणारे गणित १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स या बावीस वर्षांच्या नव्या कर्मचाऱ्याला सुचले. ते सुचले घरी, आणि घरी काही लिहून ठेवण्यास मनाई होती, म्हणून त्याने ते रात्रभर डोक्यातच ठेवले. पुढे आरएसए नावाने गाजली ती हीच पद्धत. माल्कम विल्यमसन यांनी डिफी-हेलमन यांचीही रीत शोधली. सारे कागद कपाटात गेले आणि व्यवहारात त्यांचा फारसा उपयोगही झाला नाही.

दडपलेले ज्ञान चार वर्षांत दुसऱ्या किनाऱ्यावर पुन्हा सापडले. राज्यसंस्थेला प्रमेय लपवता आले, त्याचा शोध थांबवता आला नाही. त्या लपवण्याची किंमत कोणी मोजली? पुस्तकांत नावे आली ती डिफी, हेलमन आणि आरएसएच्या तिघांची, आणि ती रास्तही आहेत. त्यांनी दुसऱ्याचे काही घेतले नव्हते. पण एलिस हे सारे वाचत राहिले आणि गप्प राहिले.

१९८२ मध्ये डिफी कुणकुण लागल्याने चेल्टनहॅमला जाऊन त्यांना भेटले. त्यांनी थेट विचारले. एलिस यांनी बराच वेळ विषय टाळला आणि अखेरीस एवढेच म्हणाले की, तुम्ही लोकांनी त्याचे आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक केले.

१८ डिसेंबर १९९७ रोजी कॉक्स यांना जाहीर व्याख्यानात ही हकिकत सांगण्याची परवानगी मिळाली. एलिस २५ नोव्हेंबरला वारले होते.