आडनाव काय?

मागच्या वीकएंडला लॅपटॉप घरीच टाकून मी आणि ऑफिसमधला एक मित्र गुहागरला जाऊन आलो. उतरलो एका घरगुती ठिकाणी. पर्यटन महामंडळाच्या भाषेत 'निवास व न्याहारी'! काका-काकू एकदम गप्पिष्ट. पोचल्या पोचल्या काकांनी रजिस्टर उघडलं. "गाव कुठलं? आडनाव काय?"

मी लगेच सांगितलं. मित्र क्षणभर थांबला, मग त्यानंही सांगितलं. काकांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "चहात साखर किती?" विषय संपला.

रात्री समुद्रावर मी विचारलं, "थांबलास का रे?"

तो म्हणाला, "बाबासाहेबांचं बडोद्याचं वाचलंयस?"

नव्हतं वाचलं. परत आल्यावर वाचलं.

१९१७ साल. गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू व्हायला आले, पण राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक होतं. ते पारशी लोकांच्या एका उतारशाळेत गेले. तिथे फक्त पारशांनाच जागा. पण गिऱ्हाईक नव्हतं आणि सांभाळणाऱ्याला पैशांची गरज होती. मग पारशी नावानं नोंद झाली. रोजचा दीड रुपया, जेवणासकट. तो माणूस सकाळ-संध्याकाळ वर जेवण आणून द्यायचा. म्हणजे निवास आणि न्याहारीच की!

अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशांचा घोळका आला. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन मित्र होता. आसरा कुणीच दिला नाही. गाडीच्या वेळेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि मग मुंबईला परतले. हे सगळं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय.

पूर्वी आपल्याकडे पाहुण्याकडून पैसे घेत नसत, असं मी मोठ्या अभिमानानं सांगायचो. पण ते फुकटचं पान कुणासाठी मांडलं जायचं, हे कधी विचारलंच नाही. त्या मानानं बिल बरं, ते जात विचारत नाही, असं म्हणावं... तर बडोद्यात पैसे मोजूनही खोली गेलीच.

नाव आणि ओळखपत्र लागतंच, नियम आहे. काकांच्या मनात काही नव्हतं, हेही खरं. पण आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा वाचायचे ते दोन सेकंद मला आयुष्यात कधी मोजावे लागलेले नाहीत.

असो. निघायच्या सकाळी काकूंनी गरम घावनं वाढली, नको नको म्हणेपर्यंत. वर मित्राच्या हातात आमसुलांची पुडी दिली, "आईला द्या हो. पुढच्या वेळी घेऊनच या त्यांना."

गाडीत मी विचारलं, "आणशील आईला?"

"आणेन ना," तो म्हणाला. "काका-काकू चांगले आहेत. आता त्यांना आडनाव माहितीये."